खिशात मावणारे नगर

पुण्याहून शिर्डीला, शनिशिंगणापूरला किंवा थेट संभाजीनगरला निघालेल्या माणसाने नगर पाहिलेले असते ते बहुधा गाडीच्या काचेतून. बायपासने गेला तर तेवढेही नाही. माळीवाडा स्टँडवर गाडी थोडा वेळ थांबते, कुणी पाण्याची बाटली घेतो, कुणी पाय मोकळे करतो, कंडक्टर घंटी मारतो आणि निजामशाहीची राजधानी मागे पडते. खरे तर महाराष्ट्राच्या एसटीची पहिली गाडी निघाली तीच नगरसाठी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटलेली ती बस याच शहरात येऊन थांबली. तिकीट होते अडीच रुपये. आज त्याच रस्त्यावर दिवसभर गाड्या धावतात, पण नगर बघायला म्हणून उतरणारा प्रवासी विरळाच.

पाहण्यासारखे काही नाही म्हणून लोक उतरत नाहीत, असे मात्र नाही. जे आहे ते एका ठिकाणी नाही, ही अडचण आहे. पैठणला किंवा पंढरपूरला उतरलेला माणूस गर्दीच्या मागे गेला तरी योग्य जागी पोचतो. नगरमध्ये गर्दीच्या मागे गेलात तर कापड बाजारात पोचाल. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक तिथे येतात आणि तो बाजार पाहण्यासारखा आहेच; पण शहराचा इतिहास तिथून चारी दिशांना पांगला आहे. एक वास्तू लष्कराच्या हद्दीत, दुसरी सोलापूर रस्त्याच्या आत, तिसरी सीनेच्या काठी, चौथी पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर. या शहराला हवे ते एक छोटे पुस्तक, शर्टाच्या खिशात मावेल एवढे. त्याने फक्त दोन गोष्टी सांगाव्यात: उभे कुठे राहायचे आणि तोंड कुठे करायचे. बाकी शहर स्वतः सांगते.

अशी पुस्तके करण्याची कला आपल्याकडे साहेबाने आणली, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, त्या गावात ते नेमके कुठे बसले, कुठे निजले, कुठे कुणाशी बोलले, याची ती नोंद आहे. गावाच्या कोणत्या बाजूला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, आत गेल्यावर कोणत्या खांबाशी, पटांगणाच्या कोणत्या कोपऱ्यात, इतका बारीक तपशील ती देते. वर्णनाचा फुलोरा जवळपास नाहीच. वाचणाऱ्याने तिथे जावे, ती जागा ओळखावी आणि तिथे माथा टेकवावा, एवढ्यासाठी ती लिहिली गेली. अशा जागांवर पुढे ओटे बांधले गेले आणि महानुभाव यात्रेकरू आजही त्यांच्या दर्शनाला जातात. नगर जिल्ह्यातली नेवासे आणि गोदाकाठचे डोमेग्राम ही गावे या परंपरेत फार महत्त्वाची. नेवाशाला लोक ज्ञानेश्वरीमुळे जातात, १२९० साली जिथे ती सांगितली गेली तो पैस खांब पाहायला. त्याच गावात आणखी एका संप्रदायाने जागा इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवल्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मराठीतल्या मार्गदर्शक पुस्तकांचा मूळपुरुष शोधायचा तर मी स्थानपोथीपाशी थांबेन. पुढच्या काळातल्या कितीतरी सचित्र, गुळगुळीत कागदांच्या पुस्तकांना तिच्याएवढे नेमके बोट दाखवता आलेले नाही.

इंग्रजी हँडबुकांची परंपरा त्यानंतर पाचशे वर्षांनी आली. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने १८३६ साली युरोपच्या प्रवाशांसाठी पहिले हँडबुक काढले आणि लाल बांधणीची ही पुस्तके पुढे जगभर फिरली. हिंदुस्थानवरचे मरेचे पहिले हँडबुक १८५९ सालचे. मद्रास आणि मुंबई अशा दोन भागांत एडवर्ड ईस्टविक यांनी लिहिलेले. पुढे सगळा देश एका खंडात आला आणि त्याच्या आवृत्त्या थेट १९७५ पर्यंत, बाविसाव्या आवृत्तीपर्यंत निघत राहिल्या. या पुस्तकांची रचना रस्त्यांवर बेतलेली असे. शहरांची अकारविल्हे यादी नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारा मार्ग घ्यायचा आणि वाटेत लागेल ते सांगत जायचे. १८७८ साली दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर अशा एका मार्गावरचे स्टेशन झाले. दौंडला गाडी बदलून उत्तरेकडे निघालेला प्रवासी नगरला उतरला, तर त्याने काय पाहावे आणि ते स्टेशनपासून किती मैलांवर आहे, हे त्याला हातातल्या पुस्तकात मिळे.

या छोट्या पुस्तकांच्या मागे जाडजूड पुस्तके उभी असतात, हेही सांगितले पाहिजे. १८८४ साली जेम्स कँपबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड निघाला, तो नगर जिल्ह्याचा. त्यात पिके आहेत, जाती आहेत, दुष्काळ आहेत, आणि शेवटी स्थळांचे प्रकरण आहे. त्या प्रकरणात नगर शहराला दिलेली पाने आजही कुणाला टाळता येत नाहीत. मराठीत सरदार ना. य. मिरीकर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नगर शहराचा इतिहास लिहिला; नगरवर लिहिणारा प्रत्येक जण त्यांचे देणे लागतो. पण गॅझेटियर हातात धरून बुरूज चढता येत नाही. मोठ्या पुस्तकातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणे, हेच खिशातल्या पुस्तकाचे खरे काम. गाळण्याला धैर्य लागते. मी नगरला जातो तेव्हा मरेच्या, गॅझेटियरच्या आणि मिरीकरांच्या पानांवरून उतरवून घेतलेली एक हातशिलाईची वही खिशात असते. ती मी कित्येकदा पुन्हा लिहिली आणि दरवेळी ती पातळ होत गेली.

त्या वहीचे पहिले पान नकाशाचे. नगरचा नकाशा काढायला अतिशय सोपा आहे आणि तो हातानेच काढावा. मध्ये जुने शहर. पश्चिमेला सीना नदी. पूर्वेला किल्ला, त्याच्या पलीकडे भिंगार आणि छावणी. दक्षिणेला रेल्वे स्टेशन. मग शहरातून फुटणारे रस्ते: पुण्याचा, कल्याणचा, मनमाडचा, संभाजीनगरचा, पाथर्डीचा, जामखेडचा, सोलापूरचा, दौंडचा. नगरचा माणूस पत्ता सांगतो तो याच रस्त्यांच्या आणि चौकांच्या आधाराने. डीएसपी चौकातून पुढे, चांदणी चौकाच्या अलीकडे, सक्कर चौकातून वळून, कायनेटिक चौकापाशी. पाहुण्याने हे आठ रस्ते आणि पाचसहा चौक डोक्यात बसवले की तो या शहरात हरवत नाही. एसटी स्टँड तीन आहेत, माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक, आणि कुठली गाडी कुठून सुटते हे नकाशाच्या पाठच्या पानावर हवे. परतीची गाडी चुकली तर पाहिलेल्या सगळ्या कमानींची चव जाते.

फिरायला सुरुवात किल्ल्यापासून करावी, कारण शहरही तिथूनच सुरू झाले. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला. ज्या जागी विजय मिळाला तिथे त्याने बाग केली, महाल बांधला आणि शेजारी शहर वसवले. निजामशाही दरबारात वाढलेल्या फरिश्त्याने नंतर लिहिले की हे शहर थोड्याच काळात बगदाद आणि कैरोच्या बरोबरीला आले. दरबारी अतिशयोक्ती वजा केली तरी वेग कळतो. अहमदचा किल्ला मातीचा होता. आजचा दगडी किल्ला हुसेन निजामशहाच्या काळातला, १५५९ च्या सुमारास बांधायला घेतलेला. हा भुईकोट आहे. गडकिल्ले चढायची सवय असलेल्या मराठी माणसाला तो पहिल्या नजरेत साधा वाटतो, आणि इथेच पुस्तकाने त्याला खंदकाच्या कडेला उभे करायला हवे. तिथून पाहिले की कळते, उंची नसलेल्या किल्ल्याची ताकद कशात होती: रुंद खोल खंदक, वाटोळा तट, आणि ठरावीक अंतरांवर पुढे आलेले वीसहून अधिक बुरूज. कोणत्याही बाजूने शत्रू आला तरी दोन बुरुजांच्या माऱ्यात सापडतो.

१५९५–९६ च्या वेढ्यात चांदबिबीने हा तट मोगल शहजादा मुरादविरुद्ध लढवला. सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, ही गोष्ट मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. १६०० मध्ये तिचा घात झाला आणि किल्ला अकबराच्या फौजेकडे गेला. पुढचे ठळक साल १८०३. आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्टला शहराच्या तटाला शिड्या लावून पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातला किल्ला त्याला मिळाला. हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनसमोर उभा होता.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे आत जायचे नियमही लष्कराचे. ओळखपत्र जवळ ठेवावे. आत गेल्यावर बहुतेक लोक नेहरूंच्या खोलीपाशी जातात आणि फोटो काढून परततात. त्या आवारात थोडे जास्त थांबावे. ‘चले जाव’च्या ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीला पकडून इथे आणले गेले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, आपले शंकरराव देव. देशाचे पुढचे सरकार आणि त्या सरकारचे पुढचे टीकाकार एकाच चौकाभोवतीच्या खोल्यांत राहत होते. नेहरूंनी इथेच १९४४ मध्ये पाच महिन्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि ते आपल्या तुरुंगातल्या सोबत्यांना अर्पण केले. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ते आवारात बाग करण्यासाठी जमीन खणत असल्याचे सांगतात आणि खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागल्याचेही. निजामशहाची बाग जिथे होती, तिथेच हे घडत होते.

आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ मला या दृष्टीने अधिक जवळचे वाटते. ते पत्रांचे पुस्तक आहे; पत्रे लिहिली, पण तुरुंगातून पाठवता आली नाहीत. कैदी म्हणून नगरला आणले जात असताना या गावाच्या नावासरशी त्यांच्या मनात निजामशाहीचा सगळा इतिहास जागा झाला आणि तो त्यांनी पहिल्याच दिवसांत लिहून काढला: शहर कुणी वसवले, किल्ला कुणी बांधला, चांदबिबी कशी लढली. जवळ संदर्भाची पुस्तके नव्हती, सगळे स्मरणातून. त्याच पुस्तकात चहा आहे आणि खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले तेव्हा आझाद याच भिंतींच्या आत होते. त्या दुःखाचे पत्रही त्यात आहे. खिशातल्या पुस्तकात या सगळ्याला चार ओळी मिळतील. पण त्या चार ओळी वाचून जो माणूस त्या चौकात उभा राहील, त्याच्यासाठी ती रिकामी खोली राहणार नाही.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, १५६७ च्या सुमारास साहिरखानाने बांधलेली. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला ठेवून ती उभी केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, दगड खरा आहे. मशीद अगदी लहान. मोठ्या इमारती पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ती निसटते. इथे पुस्तकाने एकच सूचना द्यावी: जवळ जा. दगडावरचे कोरीवकाम इतके नाजूक आहे की हातभर अंतरावरून पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. नगरमधली माझी सर्वात आवडती वास्तू हीच.

आता रिक्षा. चांदणी चौकातून सोलापूर रस्त्याला लागले की फराहबाग आणि रणगाडा संग्रहालय एकमेकांच्या जवळ येतात, आणि हा शेजार विलक्षण आहे. फराहबाग हा तळ्याच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल. एकदा बांधून झालेला राजाला पसंत पडला नाही म्हणून पाडून पुन्हा बांधला गेला, आणि मुर्तजा निजामशहाच्या काळात १५८३ मध्ये पुरा झाला. सोळाव्या शतकातल्या दरबाराची ऐट कशी असते ते पाहायचे तर इथे मधल्या उंच दालनात उभे राहून वर पाहावे. आज तळ्यात पाणी दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. पण दालनात वारा खेळतो तो तेव्हासारखाच खेळत असणार. रणगाडा संग्रहालय चिलखती दलाच्या नगरमधल्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभारले. उद्घाटन जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. दोन्ही महायुद्धांच्या काळातली वाहने, मटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन, असे सुमारे पन्नास रणगाडे तिथे उघड्यावर ओळीने उभे आहेत. लहान मुले बरोबर असतील तर दिवसाचा हा भाग त्यांचा. चिलखती दल या शहरात आले आणि हे शहर त्या दलाचे माहेर झाले, ही गोष्ट नगरकरांना नेहमीची असते, बाहेरच्याला सांगावी लागते.

नगर आणि युद्धाची यंत्रे यांचे नाते रणगाड्यांच्याही आधीचे आहे. विजापूरला तटावर ठेवलेली प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरमध्ये ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी. विजापूरला ती तोफ पाहून थक्क होणाऱ्या पर्यटकाला तिचे जन्मगाव क्वचितच कळते.

भिंगारकडे वळले की आलमगीर दर्गा. औरंगजेबाचा शेवटचा मुक्काम इथला. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये लढून तो १७०७ साली नगरच्या छावणीत मरण पावला आणि त्याचे शव खुलदाबादला नेले गेले. इथे पाहण्यासारखे बांधकाम थोडे आहे. पण मराठ्यांच्या इतिहासात रस असणाऱ्या वाचकाने किल्ल्यापासून इथवर येताना मध्ये किती थोडे अंतर आहे तेवढे लक्षात घ्यावे: एक सल्तनत जिथे जन्मली, तिथून हाकेच्या अंतरावर तिला गिळणाऱ्या साम्राज्याचा सर्वात मोठा पातशहा थकून थांबला.

सलाबतखानाची कबर मात्र एका संपूर्ण संध्याकाळसाठी राखून ठेवावी. रिक्षावाल्याला सलाबतखान म्हणालात तर तो विचारात पडेल. “चांदबिबी महाल का? मग तसं सांगा ना काका, बसा,” असे म्हणेल. पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच डोंगरावर ही तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे आणि साऱ्या पंचक्रोशीत तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची समाधी. तळघरात कबरी आहेत. याच वजिराने शहराचे पाणी, बागा आणि फराहबाग यांत जीव ओतला होता. खिशातल्या पुस्तकाची किंमत अशा ठिकाणी ठरते. फोनमधला नकाशा तुम्हाला पायथ्यापर्यंत बिनचूक आणतो, पण लोकांनी दिलेले नावच पुढे करतो आणि ज्याने शहर घडवले तो माणूस आपल्याच समाधीत अनामिक राहतो. पुस्तकाने दोन्ही नावे द्यावीत, एक रिक्षासाठी आणि एक मनासाठी. मग वाचकाला वरच्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे करावे. दिवसभर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले नगर तिथून एका नजरेत येते.

या शहराचे पाणी हा मला सर्वात मोठा विषय वाटतो आणि तोच बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. नगर पर्जन्यछायेत आहे. इथे एवढ्या बागा कशा झाल्या? निजामशाहीतल्या लोकांनी आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्याशी झरे आणि विहिरी हेरल्या आणि तिथून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात, महालांत, हौदांत आणले. कापूरवाडी, वडगाव, भिंगार, शहापूर अशा गावांकडून येणाऱ्या अशा अनेक वाहिन्या होत्या. पंप नाही, इंजिन नाही. जमिनीचा उतार ओळखायचा आणि पाण्याला त्याच्या चालीने चालू द्यायचे. इंग्रजी अमदानीतही शहर यांतल्या काही वाहिन्यांवर तहान भागवत होते आणि गॅझेटियरने एकेका वाहिनीची नोंद ठेवली आहे. जमिनीखालची गोष्ट प्रवाशाला कशी दाखवायची, हा लिहिणाऱ्यापुढचा अवघड प्रश्न आहे. माझ्या वहीत नकाशावर तुटक रेषांनी या वाहिन्या काढल्या आहेत, गावापासून शहरापर्यंत. चौपाटी कारंजाच्या चौकात उभे राहून ती रेष पाहिली की पायाखालची जमीन वेगळी वाटू लागते. आज पाणीटंचाईवर एवढे बोलणारे आपण, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणची ही विद्या मुलांना दाखवायला नेत नाही, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

जुन्या शहरात मात्र पुस्तक खिशात ठेवून फिरावे. माळीवाड्यात ग्रामदैवत विशाल गणपती. मूर्ती नावाप्रमाणे भव्य. तिथून बाजारपेठेत शिरावे, आडते बाजार, दाळ मंडई, मोची गल्ली असे वळत जावे. बुऱ्हाण निजामशहाच्या काळातला बारा इमामांचा कोठला आहे. नगरचा मोहरम पाहायला दुरून लोक येतात आणि त्या दिवसांत सर्व धर्मांचे नगरकर सवारीला खांदा देतात. दिल्ली दरवाजा उभा आहे, तट गेला. त्याच्या बाहेर सीनेच्या बाजूला बागरोजा, शहर वसवणाऱ्या अहमदचे थडगे, काळ्या दगडातले, घुमटाखाली अक्षरे कोरलेले. जवळच एका हत्तीचे स्मारक दाखवतात: १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ज्याने विजयनगरच्या रामरायाला पकडले म्हणतात तो गुलामअली.

आणि एक पान मिशनच्या नगरला द्यायलाच हवे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी इथे पाहिली आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत घेतले. मुलींच्या शिक्षणाची पुण्यातली वाट नगरवरून गेली आहे. पुढे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे आयुष्य याच गावाशी जोडले गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला नगरच्या गल्ल्या आधीच ओळखीच्या असतात. जिल्हा वस्तुसंग्रहालयात दोनशे फूट लांबीची जन्मपत्रिका आहे, मोडी कागद आहेत, मूर्ती आहेत. उन्हाची दुपार तिथे घालवावी. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद, मेहेरबाबांची समाधी. ३१ जानेवारीला त्यांच्या पुण्यतिथीला जगभरातून माणसे येतात. त्यासाठी वेगळा दिवस.

एवढे सगळे किती पानांत बसते? छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्मा. चार फॉर्म्यांत चौसष्ट पाने. एवढ्या पानांना मधोमध पिना मारून भागते, त्यापुढे गेले की जुजबंदी शिलाई लागते, जाडी वाढते आणि पुस्तक खिशातून पिशवीत जाते. पिशवीत गेलेले पुस्तक माणूस चालताना काढत नाही, मुक्कामी काढतो. तोवर ती वास्तू मागे राहिलेली असते. म्हणून चौसष्ट ही मर्यादा. अक्षर इतके मोठे हवे की उन्हात, चष्मा न लावता वाचता यावे. फोटो जवळजवळ नकोत, कारण वास्तू समोर असते. नकाशे आणि हातची रेखाटने हवीत, बारीक काम कुठे शोधायचे ते दाखवणारी. प्रत्येक वास्तूला एक पान, फार तर दोन. कुठल्या स्टँडवरून कसे जायचे, कुणाची परवानगी, कुठल्या वेळेचा उजेड चांगला, पाटीवर काय चुकीचे लिहिले आहे. गावाचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तिकिटावर एक नाव आणि जुन्या पुस्तकांत दुसरे सापडते, तेव्हा दोन्ही द्यावीत. आणि जामखेड तालुक्यातले चौंडी, जिथे १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला, तिथे जायचा रस्ताही द्यावा, कारण नवे नाव ऐकून येणारा माणूस ते विचारणारच.

शिर्डीच्या आणि शिंगणापूरच्या दुकानांत देवस्थानांच्या छोट्या पुस्तिका तेलुगू, गुजराती, हिंदी, मराठी अशा कितीतरी भाषांत टांगलेल्या असतात. त्या विकत घेणारा माणूस वाचणारा आहे, फिरणारा आहे आणि नगरवरूनच जाणार आहे. त्याच दोरीवर शहराची पुस्तिका टांगली पाहिजे, मराठीत आणि त्या भाषांतही. माळीवाडा, तारकपूर, स्वस्तिक स्टँडवरच्या बुकस्टॉलांवर आणि रेल्वे स्टेशनवर ती असावी. किंमत दोन कप चहाएवढी. महापालिकेने, वस्तुसंग्रहालयाने किंवा शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन ती करावी. विद्यार्थ्यांनी प्रत्येक अंतर स्वतः चालून मोजावे. लहान आवृत्ती काढावी, म्हणजे चुका लवकर दुरुस्त होतात, बंद झालेला दरवाजा आणि उघडलेला रस्ता पुढच्या वर्षी बदलता येतो. नवी आवृत्ती दरवर्षी २८ मे रोजी, शहराच्या स्थापनादिनी, निघावी. मजकूर तयार आहे: गॅझेटियरमध्ये, मिरीकरांच्या पानांत आणि नगरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. चौसष्ट पाने कोण छापतो, एवढेच ठरायचे आहे.